हजेरीतले सोलापूर

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसते 'सेटलमेंट' म्हटले तरी पुरते. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता टपालावर, मतदारयादीत, शाळेच्या दाखल्यावर रोज लिहिला जातो. चार हुतात्म्यांचे पुतळे दाखवायला पाहुण्यांना आवर्जून नेणारे सोलापूरकर या वस्तीची गोष्ट मात्र क्वचितच सांगतात. इथे एकेकाळी तारेचे कुंपण होते. कुंपणाच्या आत ज्यांना ठेवले होते त्यांतल्या असंख्य माणसांवर कुठल्याही कोर्टात कधी खटला चालला नव्हता. बायका होत्या, म्हातारी माणसे होती, पाळण्यातली पोरे होती. सरकारने त्यांच्या जातीचे नाव गॅझेटात छापले होते, एवढ्यावर ती आत होती. पुढे ज्यांची वर्तणूक साहेबाच्या पसंतीस उतरली त्यांना कुंपणाबाहेर घर करून राहण्याची मुभा मिळाली. त्या बाहेरच्या वस्तीची ही फ्री कॉलनी.

ज्या कायद्याने हे घडले तो गुन्हेगार जमाती कायदा १८७१ सालचा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली नवा कायदा आला आणि मुंबई, मद्रास इलाखे त्याच्या कक्षेत आले. १९२४ साली सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून तो पुन्हा मंजूर झाला. आपल्या भागातले कैकाडी, भामटे, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट, घंटीचोर असे कितीतरी समाज याद्यांमध्ये आले. यांतले बरेच जण टोपल्या विणणारे, शिकार करणारे, जनावरे विकणारे, गावोगाव फिरून पोट भरणारे होते. रेल्वे आली, जंगलाचे कायदे आले, मिठाचा व्यापार सरकारच्या हाती गेला आणि फिरत्या धंद्यांचा पाया खचला. काहीजण चोरीकडे वळले, हे खोटे नाही. पण पोलिसाला न सापडणारा माणूस आणि गुन्हेगार माणूस यांतला फरक सरकारने पुसून टाकला, आणि तोही कायदा करून.

हा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. एखादी टोळी किंवा जमात गुन्हेगार आहे असे स्थानिक सरकारला वाटले की त्याने तशी अधिसूचना काढायची. त्या अधिसूचनेच्या वैधतेबद्दल कुठल्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही. ही तरतूद १८७१ मध्येही होती आणि १९२४ च्या कायद्यातही कायम राहिली. खून करणाऱ्याला वकील होता, अपील होते, पुराव्याचा कायदा होता. अमक्या जातीत जन्मणाऱ्याला यांतले काहीच नव्हते. ज्याच्याविरुद्ध दादच मागता येत नाही अशा हुकमाबद्दल सरकार कोणाला जबाब देणार?

एकदा नाव नोंदले गेले की बोटांचे ठसे द्यायचे. ठरलेल्या वेळी हजेरी लावायची. कुठे राहतो ते कळवायचे, घर बदलायचे तर आधी सांगायचे, परगावी जायचे तर पास घ्यायचा. पास नसताना नेमून दिलेल्या हद्दीबाहेर सापडला तर त्याला वॉरंटाशिवाय धरण्याचा अधिकार पोलिसाला होताच, शिवाय गावच्या पाटलाला आणि रखवालदारालाही होता. बहिणीच्या लग्नाला, आजारी आईला बघायला, पंढरीच्या वारीला जायचे झाले तरी आधी पास. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. संशयास्पद स्थितीत सापडला एवढ्यावरही तीन वर्षांपर्यंत तुरुंग. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याची सोयही कायद्यातच होती.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत काय चालले होते ते पाहिले म्हणजे गंमत कळते, अर्थात कडू गंमत. ट्रान्सवालमधल्या हिंदी माणसांनी नाव नोंदवून बोटांचे ठसे द्यावेत, परवाना जवळ बाळगावा, असा कायदा तिथल्या सरकारने केला. गांधीजींनी त्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला आणि १९०८ साली जोहान्सबर्गमध्ये परवान्यांची होळी झाली. तिथे निदान ही माणसे परदेशातून आलेली होती. सोलापूरच्या कैकाड्याचे खापरपणजे याच मातीतले, तरी १९११ पासून त्यालाही तोच ठसा आणि तोच परवाना लागू झाला. आजही परदेशी नागरिकाने भारतात राहताना पत्ता नोंदवायचा, हलायचे तर कळवायचे, असे नियम असतात. स्वदेशात परदेशी होणे म्हणजे काय, ते या वस्तीने कागदोपत्री भोगले.

मग सेटलमेंटसाठी सोलापूरच का? कारण गिरण्या. १८७७ ची जुनी मिल, नंतर नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी. भोंग्यावर चालणाऱ्या या शहराला मजूर कायम हवे असत. मुंबई इलाख्यात सेटलमेंटची रचना लावणारे आय.सी.एस. अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांनी हे हेरले. विजापूर, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. मिशनने शाळा चालवली, औषधपाणी पाहिले, हेही नोंदवायला हवे. दिवसा मिल, परतल्यावर हजेरी, रात्री कुंपण. ज्याचे कुंपणाबाहेर राहणे साहेबाच्या मर्जीवर आहे, तो मजूर मुकादमाशी भांडणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. सुधारणा आणि स्वस्त मजुरी यांची अशी सोयीची सोयरीक क्वचितच पाहायला मिळते.

स्टार्टसाहेबांना नुसते खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही. १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते. १९३० मध्ये तिचा अहवाल आला, पुढे मागासवर्गीयांसाठी वेगळे खाते निघाले, आणि आजच्या समाजकल्याण खात्याची मुळे तिथवर जातात. हजेरी घेणारा आणि शिष्यवृत्तीची शिफारस करणारा अधिकारी एकच होता. आजही वसतिगृहाच्या अर्जासाठी खेटे घालणाऱ्या पोरांना खात्याच्या वागण्यात जुन्या साहेबाची छटा दिसत असेल, तर त्याला थोडासा इतिहास आहे.

१९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ आला. १२ मे ते ३० जून, म्हणजे जेमतेम सात आठवडे. गांधी टोपी घालणे गुन्हा ठरला, माणसे भरभरून तुरुंगात गेली, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर चढले. या सात आठवड्यांचा जाब ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला, मुंबई हायकोर्टातही वाद झाला. त्याच शहरात तारेच्या आत वर्षानुवर्षे जणू कायमचा मार्शल लॉ होता. त्याचा जाब विचारायला पार्लमेंट नव्हते आणि हायकोर्टाला मनाई होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ साली हा कायदा रद्द केला. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांची समिती नेमली. तिने कायदा रद्द करा असे सुचवले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर संपला. त्यातून सुटलेले समाज ते विमुक्त, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. देश पंधरा ऑगस्टला स्वतंत्र झाला, आम्ही पाच वर्षे सोळा दिवसांनी, असे विमुक्तांच्या सभांतून सांगतात. हिशेब चोख आहे.

कायदा गेला, पण सवय राहिली. जुन्या कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली. कागदावर फरक मोठा होता. आता जात पाहायची नव्हती, व्यक्तीला झालेल्या शिक्षा पाहायच्या होत्या. पण ठाण्यात चोरीची फिर्याद आली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, हा रिवाज कुठल्या कलमात लिहिलेला नसतो, म्हणून तो रद्दही करता येत नाही. १९९८ साली पश्चिम बंगालमध्ये बुधन शबर या विमुक्त समाजातल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला आणि कलकत्ता हायकोर्टाने भरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली.

आता सगळ्यात विलक्षण भाग. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ रोजी किंवा त्याआधी आपले घराणे या राज्यात राहत होते हे दाखवावे लागते. तहसीलच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या पालावरच्या बाईची कल्पना करा. तिचा आजा त्या दिवशी कुठल्या गावाच्या शिवारात होता? त्याच्या नावे सातबारा नाही, शाळेत तो गेला नाही, जन्माची नोंद नाही. ज्याला पोटासाठी दर चार दिवसांनी हलावे लागे, त्याने मुक्कामाचा पुरावा आणायचा. बाप-आज्याला रोज हजेरीत मोजणारे सरकार आता नातीला विचारते, तुम्ही होता कशावरून?

पुराव्याच्या पलीकडे आणखी एक कोडे आहे. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो आणि सोलापुरात विमुक्त जातीत. भाऊ नागपुरात आणि बहीण सोलापुरात असेल तर दोघांच्या सवलती वेगळ्या. केंद्राने या सगळ्याचा अभ्यास करायला नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके. त्यांचा अहवाल २००८ मध्ये सादर झाला. नंतर भिकू रामजी इदाते आयोग आला. देशभरातल्या अशा समाजांची नोंद घेऊन त्याने सांगितले की त्यांतले अडीचशेहून अधिक समाज अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास यांपैकी कशातच नाहीत. अहवाल लिहिण्यात आपण कधीच कमी पडलो नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये जातीवरून काम वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायचा आदेश झाला, आणि विमुक्तांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावण्यात आले. १८७१ च्या कायद्यातला विचार २०२४ मध्ये तुरुंगाच्या पुस्तकांतून खोडावा लागला, यावरून त्याचे आयुर्मान समजावे.

आणि पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करायची? प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यपातळीवर आणि जिल्हापातळीवर तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो. अक्कलकोटकडच्या पालावरल्या माणसाने रोजगार बुडवून पुण्याकडे तोंड करायचे, ही सोय करणाऱ्याने पाल पाहिले नसावे. न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे हे प्राधिकरण जिल्ह्यातच हवे.

तोवर एक विनंती. सेटलमेंटमध्ये ज्यांचे आजी-आजोबा राहिले, त्यांच्या ट्रंकेत जुना पास, मिलचे तिकीट, मिशनच्या शाळेचा दाखला असा काही कागद असेल तर तो लाजेपोटी फाडू नका. १९६१ पूर्वीचा कागद जात पडताळणीत मोलाचा ठरतो. त्याची प्रत काढून ठेवा आणि मूळ कागद जपा.