कॉम्प्रेशन उत्तम, पण बेअरिंगचे काय?

जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकची एक फेरी २०.८ किलोमीटरची. दहा फेऱ्या मारल्या तरी मीटर जेमतेम दोनशे किलोमीटर पुढे सरकतो. पण त्या दोनशे किलोमीटरांत इंजिन बहुतेक वेळ लाल रेषेजवळ फिरलेले असते. त्यामुळे जुनी गाडी बघताना आपण जो पहिला प्रश्न विचारतो, ‘किती चालली आहे?’, तो ट्रॅकवरच्या गाडीला विचारून फारसे काही हाती लागत नाही. ट्रॅकवर किती तास गेले आणि ऑइल किती तासांनी बदलले, हे विचारावे.

अशा गाड्यांच्या युरोप-अमेरिकेतल्या बाजारात बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या एम-३ ला अजून चांगली मागणी आहे. तिचे एस-५४ हे सहा सिलिंडरचे इंजिन ३,२४६ सीसीचे आणि मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जाणारे. पिस्टनची धाव ९१ मिलिमीटर, म्हणजे कमाल फेऱ्यांवर त्याचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर. वरच्या टोकाला तो क्षणभर थांबून उलटा फिरतो, तेव्हाचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या चार हजार पटींहून जास्त भरते. हा झटका फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार हजारांवर फिरणारे इंजिन आठ हजारांवर नेले की ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि तो सगळा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येतो.

गाडी बघायला जाणारा जाणकार सोबत कॉम्प्रेशन गेज नेतो. नेलाच पाहिजे. इंजिन गरम करायचे, सगळे प्लग काढायचे, पेट्रोल आणि इग्निशन बंद करायचे, एक्सलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि काटा स्थिरावला की आकडा लिहून घ्यायचा. इथे नवखा माणूस आकड्यालाच भुलतो. खरे तर सहा सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी किती जुळतात, ते महत्त्वाचे. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल, तर तिथे काहीतरी बिघडले आहे. नुसता आकडा बाहेरच्या हवेवरही ठरतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात तेच धडधाकट इंजिन मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी दाखवेल. शर्यतीसाठी इनटेक वाल्व्ह उशिरा बंद करणारा कॅमशाफ्ट बसवला असेल, तर स्टार्टरवर दाब मुळातच कमी येतो. तो आजार नव्हे. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट.

माझा भरवसा लीक-डाउन चाचणीवर जास्त, कारण ती नुसती गळती मोजत नाही, जागाही दाखवते. पिस्टन वरच्या टोकाला, सगळे वाल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा आत. किती टक्के निसटते ते मीटर सांगतो. कुठून, ते कान सांगतात. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर हेड गॅस्केट.

या दोन्ही चाचण्यांत पहिल्या नंबराने पास झालेले इंजिन पुढच्याच ट्रॅक-डेला फुटू शकते, कारण दोन्ही फक्त इंजिनाचा वरचा भाग तपासतात. रॉडच्या बेअरिंगपर्यंत त्या पोचतच नाहीत, आणि ट्रॅक मारतो तो बहुतेकदा तिथेच.

चालू इंजिनात रॉडचे टोक आणि क्रँकची पिन एकमेकांना टेकत नाहीत; दोन्ही ऑइलच्या थरावर तरंगतात. जोर सर्वाधिक असतो तिथे हा थर काही मायक्रॉनच, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. ऑइल तापले की पातळ होते आणि थर आणखी खचतो. एस-५४ साठी कंपनीने १०-डब्ल्यू-६० इतके जाड ऑइल सांगितले होते. वळणांचा त्रास वेगळाच. बाजूला फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. अशा वेळी पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा आली, तर ८,००० वर एका सेकंदात क्रँकच्या १३३ फेऱ्या कोरड्या जातात. सुरुवातीच्या काही वर्षांतल्या एस-५४ इंजिनांची रॉड बेअरिंगे तर बीएमडब्ल्यूने स्वतः मोहीम काढून बदलून दिली होती. मोहिमेत ते काम झाल्याचा कागद विक्रेत्याकडे असेल तर उत्तम. पण त्यानंतरच्या ट्रॅकवरच्या तासांबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसरा घात चुकीच्या गिअरचा. तिसऱ्यात ८,००० वर असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर या गाडीच्या गिअरच्या गुणोत्तरांनुसार इंजिन बारा हजारांच्या घरात ओढले जाते. रेव्ह-लिमिटर इथे हतबल असतो. तो पेट्रोल तोडू शकतो, पण इंजिन फिरवताहेत ती चाके. पोर्शने ९९६ आणि ९९७ गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अशा अतिरेकी फेऱ्यांची नोंद ठेवली आहे, किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, हेही. खरेदीआधी ती वाचून घ्यायची तिथे रीतच पडली आहे. इतर गाड्यांत असा साक्षीदार सहसा नसतो.

मग उरते ते ऑइल. प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोमीटर त्यातल्या धातूंचे प्रमाण दशलक्षांशांत सांगतो. जुन्या पद्धतीच्या बेअरिंगवर वरचा थर शिशाचा आणि खाली तांबे, म्हणून आधी शिसे वाढते, मग तांबे. सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. मात्र साधारण पाच ते दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण या यंत्राला नीट दिसत नाहीत. बेअरिंगचे पापुद्रे सुटू लागले तरी अहवाल निर्मळ येऊ शकतो. ड्रेन प्लगचे चुंबकही फसवे, कारण शिसे आणि तांबे त्याला चिकटतच नाहीत. म्हणून फिल्टर उघडून त्याच्या घड्या उजेडात चाळाव्यात. एस-५४ चा फिल्टर कागदी काडतुसाचा असल्याने काही कापावेही लागत नाही. आणि ऑइल कालच बदललेले असेल तर पुरावा कालच गेला; अशा वेळी मी एकतर जुन्या ऑइलचा अहवाल मागेन, नाहीतर किंमत पाडेन.

डॅशबोर्डवर फार विसंबू नये. या एम-३ मध्ये ऑइलच्या तापमानाचा काटा आहे, दाबाचा नाही. दाब बघायचा तर वेगळा गेज जोडावा लागतो आणि इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलला बघावा लागतो. मात्र इंजिन सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवायला विसरू नका. तुम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर थंड सुरुवातीचा आवाज आणि धूर दोन्ही तुमच्यापासून लपले.

एवढे करूनही बेअरिंग कशी आहेत हे अंदाजानेच ठरते. एस-५४ मध्ये निदान एक सोय आहे: पुढची सबफ्रेम खाली उतरवून चेंबर काढला की इंजिन गाडीतच ठेवून बेअरिंगचे शेल, म्हणजे प्रत्येक रॉडच्या दोन अर्धगोल पट्ट्या, बदलता येतात. त्यामुळे व्यवहारी गिऱ्हाईक नव्या शेलचा खर्च पहिल्याच दिवशी किमतीत धरतो आणि जुने बाराही शेल मेकॅनिककडून मागून घेतो.