घरचा केर, उकिरडा व कुटुंबाचें आरोग्य

पावसाळ्यांत चिखलदऱ्याच्या कड्यांवरून पाणी कोसळूं लागलें म्हणजे तें पाहावयास दूरदूरचे लोक डोंगर चढून जातात. समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीवरील हें स्थान सन १८२३ मध्यें कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलें, व वऱ्हाडचें थंड हवेचें ठिकाण म्हणून त्याची ख्याति झाली. परंतु शेतकऱ्यानें त्या पाण्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. गाविलगडाच्या या डोंगराच्या उत्तरेकडील पाणी सिपना, खापरा, गाडगा अशा नद्यांनीं तापीस मिळतें. दक्षिणेकडील पाणी शहानूर, चंद्रभागा व सापन या नद्यांनीं पूर्णेच्या खोऱ्यांत उतरतें. या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याच्या विहिरी खारट, म्हणून अंजनगांव व दर्यापूरकडील गांवांस शहानूर धरणाचें पाणी नळानें पुरविलें जातें. अर्थात् वर जें टाकावें तें खालीं यावें, असा हा सृष्टिक्रम आहे. गांवाच्या चढावर एकानें फेकलेला केर उतारावरच्या दुसऱ्याच्या विहिरींत जातो, आणि अंगणांतील घाण पहिल्या पावसाबरोबर आपल्याच पाणवठ्यास मिळते. घरच्या केराचा प्रश्न हा केवळ नीटनेटकेपणाचा नसून जिवाचा आहे, असें आम्ही म्हणतों तें याच कारणास्तव.

याचें दुःखद प्रत्यंतर फार जुनें नाहीं. सन २०२२ च्या जुलै महिन्यांत चिखलदरा तालुक्यांतील पाचडोंगरी व कोयलारी या गांवीं पटकीची साथ उद्भवली. नळाचें पाणी बंद असल्यानें लोकांस उघड्या विहिरीचें दूषित पाणी प्यावें लागलें. अनेक माणसें आजारी पडलीं व कांहीं दगावलीं. पटकीचे जंतु आकाशांतून पडत नाहींत. रोग्याच्या विष्ठेतून ते पाण्यांत, पाण्यांतून हातावर, व हातावरून अन्नांत जातात. ही सांखळी तीन ठिकाणीं तोडतां येते: शौचाच्या जागीं, पाणवठ्यावर, आणि चुलीपाशीं. पाणीपुरवठा सुरळीत ठेवणें हें ग्रामपंचायतीचें व सरकारचें काम आहे, व तें त्यांजकडून करून घेतलें पाहिजे, यांत शंका नाहीं. परंतु पहिली व तिसरी जागा प्रत्येकाच्या घरांतच आहे. तेथें दुसरा कोणीही येऊन काम करणार नाहीं.

प्रथम केराचा विचार करूं. आमच्या आजोबांच्या घरांत ‘कचरा’ म्हणून फेकण्यासारखें फारसें कांहीं नसे. उष्टें-खरकटें गुरांस, शेण-गोठण उकिरड्यास, राख भांड्यांस, फाटकें लुगडें गोधडीस, व पऱ्हाटी चुलीस अशी वांटणी ठरलेली होती. आज त्याच उकिरड्यावर दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या व औषधांचे डबे येऊन पडले आहेत. उकिरडा तोच राहिला, पण त्याचें खत होईना. शेतांत टाकलें तर नांगराच्या फाळास चिंध्या गुंडाळतात, व गुरांनीं खाल्लें तर पोटांत गोळा होऊन जनावर हातचें जातें. म्हणून घरच्या केराचे आरंभींच तीन भाग करावे: एक कुजणारा, दुसरा भंगारवाल्यास देण्याजोगा, व तिसरा विषारी. स्वयंपाकघरांत एक व ओसरीवर दोन डालीं ठेवलीं म्हणजे हें काम साधतें. एकदां मिसळलेला केर पुन्हां निवडणें मात्र कोणाच्याच हातून होत नाहीं.

कुजणारा केर हें शेतकऱ्याचें धन आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं सन १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धति बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धति’ म्हणून ओळखली जाते. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनीं थोड्या शेणांत पुष्कळ खत करण्याची जी रीत काढली, ती त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर पसरली. तिची कृति अशी: जमिनीवर विटांचें १२ फूट लांब, ५ फूट रुंद व ३ फूट उंच असें टांकें बांधावें, व हवा खेळण्यासाठीं भिंतींत जागोजाग भोंकें ठेवावीं. तळाशीं शेणकाला शिंपून सुमारें सहा इंच काडीकचऱ्याचा थर द्यावा. त्यावर चार-पांच किलो शेण सव्वाशें ते दीडशें लिटर पाण्यांत कालवून शिंपावें. त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली माती पसरावी. असे थर रचीत टांक्याच्या वर दीड फूट ढीग आणावा व शेणमातीनें लिंपून टाकावा. पंधरा-वीस दिवसांनीं ढीग खचला म्हणजे पुन्हां थर देऊन लिंपावें, भेगा बुजवाव्या, व ओल टिकवावी. तीन ते चार महिन्यांत सुमारें तीन टन खत तयार होतें. सर्व भरणीस शेण लागतें तें शंभर किलोच्या आंत. तुरीच्या फणकटास व सोयाबीनच्या कुटारास बांधावर काडी लावणाऱ्या शेतकऱ्यानें हा हिशेब एकदां मांडून पाहावा. तो जें जाळतो, त्याच्याच मोबदल्यांत पुढें दुकानावर खताचीं पोतीं उधार आणतो.

दुसऱ्या भागाविषयीं थोडकेंच सांगावयाचें आहे. प्लास्टिक चुलींत अथवा अंगणांत जाळूं नये. त्याचा धूर विषारी असतो, आणि तो प्रथम घरांतील बायकामुलांच्याच छातींत जातो. महाराष्ट्रांत सन २०१८ मध्यें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. परंतु कायद्यापेक्षां कापडी पिशवी खुंटीवर टांगलेली असणें अधिक उपयोगी. जी वस्तु घरांत आलीच नाहीं, तिची विल्हेवाट लावण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

तिसरा भाग सर्वांत घातक होय. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, हें कोणीही विसरूं नये. फवारणी संपली तरी विष संपत नाहीं. तें रिकाम्या डब्यांत राहतें. असा डबा धुऊन त्यांत तेल, रॉकेल किंवा पाणी भरण्याची चाल अनेक घरांत दिसते, ती तात्काळ बंद झाली पाहिजे. डबा रिकामा झाला म्हणजे शेतांतच तीन वेळां विसळावा, तें पाणी पंपांत ओतावें, डब्यास भोंक पाडून तो निरुपयोगी करावा, व मुलांच्या हातास लागणार नाहीं अशा जागीं घराबाहेर कुलपांत ठेवावा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत.

आतां कुटुंबाच्या संवयींकडे वळूं. शौचालय बांधतांना दोन खड्ड्यांचें बांधावें; एक भरल्यावर दुसरा वापरावा, व पहिला दोन वर्षें बंद ठेवला म्हणजे त्यांतील मळाचें खत होतें. खड्डे विहिरीपासून निदान तीस-पस्तीस फूट दूर असावेत. शौचानंतर, जेवणापूर्वीं व मुलास भरविण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. पिण्याचें पाणी पावसाळ्यांत उकळून घ्यावें, माठावर झांकण असावें, व पाणी काढण्यास लांब दांड्याचें ओगराळें ठेवावें. माठांत हात बुडवूं नये. कोणास जुलाब लागल्यास पाणी तोडणें ही जुनी व प्राणघातक समजूत आहे. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा लहान सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोट घोट पाजीत राहावें, अंगावरच्या मुलास दूध पाजणें थांबवूं नये, आणि विलंब न करतां दवाखाना गांठावा.

अन्नाचा विचारही येथेंच येतो. मेळघाटांतील बैरागड येथें वैद्यकीय सेवा करणाऱ्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्यास सन २०१९ मध्यें पद्मश्री मिळाली. त्यांनीं औषधांबरोबर शेतीच्या सुधारणेसही हात घातला, कारण दुबळ्या मुलाचा रोग पुष्कळदां रिकाम्या डाल्यांतच असतो. मोरीचें पाणी रस्त्यावर सोडून डास पोसण्यापेक्षां तें परसबागेंत वळवावें. चार शेवग्याचीं झाडें, वालाचा वेल व मेथी-पालकाचे दोन वाफे यांस त्या पाण्यावर वर्षांतील बरेच महिने निभावतां येतें. ज्वारी सोडून विकतच्या बिस्किटांवर मुलें वाढविणें म्हणजे घरचें रत्न देऊन कांच घेणें होय.

हा सर्व उपदेश वऱ्हाडास नवा नाहीं. याच डोंगराच्या पायथ्याकडील अंजनगांव सुर्जी तालुक्यांत शेंडगांव येथें सन १८७६ मध्यें गाडगे महाराजांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनानें गेले. मुलाचें बाळपण मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें येथें मामाच्या शेतांत राबण्यांत गेलें. सन १९०५ मध्यें घर सोडल्यावर त्यांनीं हातीं खराटा घेतला. दिवसा गांव झाडावें, व रात्रीं कीर्तनांत लोकांच्या मनांतील केर काढावा, असा क्रम त्यांनीं सन १९५६ मध्यें देह ठेवीपर्यंत चालविला. दारू, कर्ज काढून केलेले सण व घाण या तिहींस ते एकाच माळेचे मणी समजत. महाराष्ट्र सरकारनें सन २००० मध्यें आरंभिलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचें नांव आहे. नांव फलकावर आलें. खराटा मात्र घरोघर हातीं आला पाहिजे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या घरीं एवढ्या कामास वेळ कोठून? या आक्षेपांत तथ्य आहे, कारण हें सारें ओझें घरच्या बाईवरच लोटलें तर तें चार दिवसांत पडेल. पाणी भरणें, चूल, मुलें व शेतांतील निंदण यांखालीं ती आधींच वांकलेली आहे. म्हणून टांकें भरणें, विषाचे डबे सांभाळणें व मोरीचें पाणी वळविणें हीं कामें पुरुषांनीं आपलीं मानावीं. केर वेगळा करण्यास मुलांस लावावें. आमची विनंति इतकीच कीं, वाचकांनीं सर्व सुधारणा एकदम हातीं न घेतां मृगापूर्वीं तीन गोष्टी कराव्या: विहिरीजवळचा उकिरडा हलवावा, घरांतील विषाचा प्रत्येक जुना डबा शोधून बाहेर काढावा, आणि हात धुण्याच्या जागीं साबण ठेवावा. यांस खर्च थोडा आहे. पहिला पाऊस येण्यापूर्वीं तेवढें झालें, तर उतारावरच्या शेजाऱ्याचेंही पाणी निर्मळ राहील.