'पी'वर ठेवलेली गाडी मागे का सुटली?

बैल सोडले की गाडीच्या चाकाला दगड लावायचा, हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. पण आता गावातही क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी येऊ लागल्या आहेत. चालवायला त्या सोप्या, यात शंका नाही. उभ्या करताना मात्र काय घडू शकते, याची अमेरिकेतली एक हकिकत तुम्ही ऐकायलाच हवी.

त्या देशात अशा ऑटोमॅटिक गाड्या फार पूर्वीपासून घरोघरी आहेत. गिअरच्या दांड्याजवळ इंग्रजी अक्षरे असतात. 'पी' म्हणजे गाडी उभी करण्याची जागा, 'आर' म्हणजे मागे, 'डी' म्हणजे पुढे. दांडा 'पी'वर नेला की गिअरपेटीच्या आत एक लोखंडी दात दातेरी चाकाच्या खाचेत बसतो. दाराला आतून खिट्टी घालावी, तसेच हे.

१९७० नंतरच्या दशकात फोर्ड कंपनीच्या गाड्यांबद्दल तक्रारी येऊ लागल्या. दांडा 'पी'वर बसला असे चालवणाऱ्याला वाटे, पण तो 'पी' आणि 'आर' यांच्या मध्ये, जणू उंबऱ्यावरच, अडकलेला असे. इंजिन चालू ठेवून माणूस फाटक उघडायला नाहीतर मागच्या डिकीतले सामान काढायला उतरे. इंजिनाच्या थरथरीने किंवा दार आपटल्याच्या हादऱ्याने दांडा 'आर'मध्ये घसरे आणि रिकामी गाडी मागे सुटे. मागे कोण उभे आहे, हे तिला काय ठाऊक!

जून १९८० मध्ये तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याने गाड्यांत दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष काढला. तोवर २३,००० तक्रारी जमल्या होत्या. त्यांत ६,००० अपघात, १,७१० जखमी आणि ९८ मृत्यू यांची नोंद होती. चटकन बाजूला होता येत नाही अशी लहान मुले आणि म्हातारी माणसे या बळींत अधिक होती.

कंपनी म्हणाली, चूक चालवणाऱ्यांची आहे. शेवटी डिसेंबर १९८० मध्ये तडजोड झाली, तीही कशी पाहा. सदोष गाडी कंपनीने फुकट दुरुस्त करून द्यावी, असा कायदा तिथे १९७४ पासून होता. तरी गाड्या परत बोलावल्याच नाहीत. सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना टपालाने एक चिकटपट्टी गेली. दांडा नीट 'पी'वर लावा, हातब्रेक पुरता ओढा, इंजिन बंद करा, एवढेच तिच्यावर छापलेले. सल्ला बरोबर होता, पण कागदाने खिट्टी थोडीच बसते? पट्ट्या पोचल्यावरही अपघात होत राहिले.

हे जुने म्हणून सोडून देऊ नका. २०१६ मध्ये जीप बनवणाऱ्या कंपनीला जगभरातून ११ लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांचा दांडा हात सोडताच मधल्या जागी परत येई, त्यामुळे गाडी कशात आहे हे चटकन कळत नसे. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा अवघ्या २७ वर्षांचा नट स्वतःच्या घराच्या उतारावर अशाच एका सुटलेल्या गाडीने चिरडला जाऊन गेला.

आता आपल्याकडचे. इथल्या बऱ्याच स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत, ज्यांना एएमटी म्हणतात, 'पी' ही जागाच नसते. तेव्हा उतरण्याआधी पायाने ब्रेक दाबून ठेवा, हातब्रेक ओढा, मग इंजिन बंद करा आणि किल्ली खिशात घाला. अंगणात पोरे खेळत असतील तर दोन मिनिटांसाठीही इंजिन चालू ठेवून उतरू नका.

सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार आपल्या सरकारला २०१९ च्या कायद्याने मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र कंपनीचे पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. तुम्ही जुनी गाडी घेतली असेल तर ते तुमच्यापर्यंत कसे पोचणार? आरसी बुकातला चॅसिस नंबर कागदावर उतरवून घ्या आणि तालुक्याला गेलात की कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवा. या गाडीचे रिकॉलचे काम बाकी आहे का, एवढेच विचारा. बाकी निघाले तर ते फुकट करून द्यायचे असते. पैसे मागितले तर देऊ नका.