तबकडीची दुसरी बाजू

लग्न कोणाच्या घरी आहे हे कळायला मंठ्यात पूर्वी पत्रिका लागत नसे. आदल्या दिवशी सकाळीच स्पीकरवाला येई, अंगणातल्या लिंबावर भोंगा बांधी आणि गणपतीचं पहिलं गाणं लागलं की अर्ध्या गावाला कळे. हळदीला लावणी, जेवणावळीला सिनेमाची गाणी, रात्री वऱ्हाड निवांत झालं की कव्वाली, असा क्रम ठरलेला. ही गाणी ज्या पत्र्याच्या पेटीतून निघत, ती पेटी मी लहानपणी पुष्कळदा उघडी पाहिली आहे. तिच्यात मोठ्या तबकड्या थोड्या, छोट्या सात इंचीच जास्त असत. आज त्या छोट्या रेकॉर्डींबद्दल, त्या जमवण्याबद्दल आणि जमवताना माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे.

ही छोटी रेकॉर्ड आली कुठून, ते आधी पाहू. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांचा आवाज मुद्रित केला. तेव्हाच्या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपलं गाणं तीन मिनिटांचं झालं ते याच हिशेबानं. लाख ठिसूळ असते. तबकडी हातातून पडली की तुकडे. पुढे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले म्हणजे एलपी आणली. तिला उत्तर म्हणून १९४९ साली आरसीए व्हिक्टरनं ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली. एका बाजूला एक गाणं, म्हणून तिचं नाव सिंगल.

आपल्याकडे मात्र सात इंचीचा जो प्रकार रुजला तो ईपी, म्हणजे एक्स्टेंडेड प्ले. आकार तोच, फेरे बहुधा ४५च, पण रेघा दाटीनं बसवून एका बाजूला दोन, अशी चार गाणी. एलपीची किंमत झेपत नसे आणि एकेका गाण्यासाठी पैसे मोडायला जीव होत नसे. ईपी या दोहोंच्या मधली. त्यातही खेड्यापाड्यांत ती लगेच पोचली नाही. लाखेच्या तबकड्या आपल्याकडे १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या, त्याचं एक कारण वीज. किल्लीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. बॅटरीवर चालणारे प्लेअर आणि अॅम्प्लिफायर आले, तेव्हा कुठे छोटी रेकॉर्ड वीज नसलेल्या वस्तीवरच्या मांडवातही वाजू लागली.

या रेकॉर्डींवर होतं काय? सिनेमाची गाणी तर होतीच. पण हळदीला लागे ती सुलोचना चव्हाण यांची लावणी. १४ एप्रिलच्या जयंतीला लागत ती प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली भीमगीतं आणि वामनदादा कर्डक यांनी लिहिलेली गाणी. शाहीर साबळे आणि विठ्ठल उमप यांची लोकगीतं असत. समुद्र न पाहिलेल्या आमच्या गावात कोळीगीतंही हौसेनं वाजत. शिवाय युसुफ आझाद आणि शकीला बानो भोपाली यांच्या कव्वाल्या. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उर्दू आमच्या कानाला परकी नव्हती. एकाच पेटीत अभंग, लावणी, भीमगीत आणि कव्वाली शेजारी शेजारी उभ्या असत, याचं तेव्हा कोणाला नवल वाटत नसे.

रेडिओवर काय लागेल हे केंद्र ठरवी. भोंग्यावर काय लागेल हे मांडव ठरवी. रेडिओ सिलोनवर १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानी यांच्या त्या कार्यक्रमात गाण्याचा क्रम लावताना दुकानांतली रेकॉर्डींची विक्री विचारात घेतली जाई. पण एकच रेकॉर्ड विकत घेऊन स्पीकरवाला ती शंभर लग्नांत वाजवी, त्याची मोजदाद कुठल्या गीतमालेत होणार? मंठ्याला नेमकं काय आवडत होतं हे समजून घ्यायचं, तर ती पेटीच पाहायला हवी.

आणि पेटी बोलते. ईपी उजेडात थोडी तिरकी धरून पाहा. पुष्कळदा वाजलेल्या बाजूची चमक गेलेली असते, ती करडी, पांढरट दिसते. न वाजलेली बाजू काळीभोर, आरशासारखी. स्पीकरवाले कव्हरवर शाईनं आपल्या खुणा करत. कुठे ‘हळद’, कुठे ‘जयंती’, कुठे ‘वरात’. जिथे पिन अडकते त्या गाण्यापुढे फुली. छापलेल्या यादीत न सापडणारी माहिती या खुणांत असते.

आता माझ्या चुकीकडे येतो. १९९० च्या दशकात कॅसेटनं हा सगळा धंदा बदलून टाकला होता. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या स्पीकरवाल्यांनी मला घरी बोलावलं. पेटी माळ्यावरून खाली काढली होती. “मास्तर, काय पाहिजे ते घेऊन जा, नुसती जागा अडली,” असं ते म्हणाले. मी म्हटलं, “काका, सगळ्या कशाला, निवडून घेतो.” आणि मी निवडल्या. मोठ्या संगीतकारांच्या, गाजलेल्या सिनेमांच्या चाळीसेक रेकॉर्डी. करड्या पडलेल्या, नावं अनोळखी असलेल्या, शाईनं बरबटलेल्या मागं ठेवल्या. “उरलेल्यांचं दिवाळीनंतर बघू,” असं सांगून निघालो.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा पेटी रिकामी होती. त्यात आता धान्य भरलेलं होतं. रेकॉर्डी भंगारवाल्यानं किलोवर नेल्या होत्या. काकांना त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण चांगल्या होत्या त्या मास्तरांनी नेल्या, असाच त्यांचा समज होता. तो समज मीच करून दिला होता.

मी आणलेल्या चाळीस रेकॉर्डींमधलं जवळजवळ प्रत्येक गाणं पुढे कॅसेटवर आलं, सीडीवर आलं, आज मोबाइलवर मिळतं. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांच्या हिंदी फिल्म गीत कोशात तर हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे रेकॉर्ड क्रमांकसुद्धा आहेत. म्हणजे जे हरवण्याची भीतीच नव्हती ते मी वाचवलं, आणि जे दुसरीकडे मिळणं अवघड ते सोडून आलो. मागं ठेवलेल्यांपैकी एका रेकॉर्डवर ओवीच्या चालीचं एक गाणं होतं. बाईचा आवाज होता, साथीला फक्त ढोलकी आणि टाळ. हळदीच्या रात्री ते कितीदा तरी ऐकलं होतं. गायिकेचं नाव मी वाचलं नव्हतं, म्हणून आज ते शोधायचं तर कोणत्या नावानं शोधू?

या चुकीतून माझी जमवण्याची रीत बदलली. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांची माहिती वर्षानुवर्षं छापली. त्यांच्या कामातून एक गोष्ट कळते. तबकडी ही ऐकायची वस्तू आहे तशीच वाचायचीही आहे. लेबलवर गायक, कवी, संगीतकार, भाषा आणि गाण्याचा प्रकार दिलेला असतो. क्रमांक असतो, त्याच्या आधीच्या अक्षरांवरून मालिका ओळखता येते. गाणं संपल्यावर आत जो गुळगुळीत पट्टा राहतो, त्यावर बारीक अक्षरांत आणखी एक क्रमांक असतो. लेबल फाटलं तरी तो शिल्लक राहतो. हे सगळं वहीत उतरवायचं आणि त्यापुढे एक ओळ आपली घालायची: रेकॉर्ड कोणत्या गावी मिळाली, ती कुठे वाजत होती. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे रेकॉर्डी मिळतात, पण तिथवर येताना त्यांचा पत्ता पुसला गेलेला असतो. तालुक्याच्या गावी स्पीकरवाल्याच्या घरातून घेतलेली रेकॉर्ड आपला पत्ता घेऊन येते.

वाजवण्याबद्दल थोडं. तबकडीच्या एका बाजूला दिसतात अनेक रेघा, पण असते एकच, काठापासून आत वळत गेलेली. ७८ च्या रेघेसाठी सुईचं टोक साधारण तीन हजारांश इंच जाड लागतं, ईपीसाठी एक हजारांश किंवा त्याहूनही बारीक. जाड सुई ईपीवर टेकवली तर रेघ खरवडून निघते, आणि गेलेला आवाज परत येत नाही. जुन्या प्लेअरवर सुई फिरवायचा छोटा दांडा असतो, तो आधी पाहावा. फेरे ४५ की ३३⅓ हेही लेबलवर वाचावं. एका बाजूचं दुसरं गाणं जरा खरखरीत वाटतं, त्याला कारण आहे. काठाजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे पंधरा इंच रेघ सरकते, आत लेबलाजवळ दहाच इंच. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो.

धुताना शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरतं. कापड रेघेच्या दिशेनं फिरवावं, लेबल भिजू देऊ नये. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. व्हिनाइल पडून सहसा फुटत नाही, पण उन्हानं वाकतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखालची पेटी म्हणजे भट्टीच. रेकॉर्डी घरातल्या थंड भिंतीला, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की खालच्या दबतात.

नक्कल जरूर करावी. चांगली सुई लावून संगणकावर उतरवून घेतलं की मूळ तबकडी पुन्हा पुन्हा झिजवावी लागत नाही. मात्र ती विकण्याचा किंवा सर्वांसाठी खुली करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं टिकतो, आणि कवी-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही हिशेब वेगळे, हे ध्यानात ठेवावं.

जगात तबकडीला पुन्हा बरे दिवस आले आहेत. अमेरिकेत २०२२ साली, १९८७ नंतर पहिल्यांदाच, सीडीपेक्षा व्हिनाइल तबकड्या संख्येनं जास्त विकल्या गेल्या. पण नव्यानं छापलं जातं ते बहुतेक गाजलेलं संगीत. हळदीची ओवी पुन्हा छापायला कोण धजेल? ती वाचली तर जुन्याच रेकॉर्डीवर वाचेल.

मी निवडून आणलेल्या त्या चाळीस रेकॉर्डी पुढे एकदा उलट्या करून वाजवल्या. ज्या गाण्यासाठी रेकॉर्ड उचलली ते एका बाजूला, आणि दुसऱ्या काळ्याभोर बाजूला मांडवानं कधी न मागितलेलं गाणं. त्यातली तीन-चार आज मला माझ्या आवडत्या गाण्यांहून प्रिय आहेत. चार गाण्यांतलं एक ओळखीचं आणि तीन अनोळखी, हीच तर छोट्या रेकॉर्डची गंमत.

तुमच्या गावात एखादे जुने स्पीकरवाले, मंडपवाले असतील. त्यांच्या माळ्यावर पेटी असेल तर या आठवड्यातच जाऊन भेटा. ‘दिवाळीनंतर’ म्हणू नका. आवडीच्या चार निवडू नका, जमल्यास सगळ्या घ्या. न जमल्यास निदान प्रत्येकीचं लेबल वहीत उतरवून घ्या. आणि पेटीच्या मालकाला चहा पीत विचारा, कोणतं गाणं कुठे वाजायचं. कव्हरवरची शाई वाचायला आज तेच एक माणूस उरलेलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)