खुब्याचा कृत्रिम सांधा पुन्हां केव्हां बदलावा?

आमच्या आत्याबाईंच्या उजव्या खुब्यांत कृत्रिम सांधा बसवून २२ वर्षें झालीं. तेव्हां त्या पन्नाशीच्या होत्या. आतां ७२ च्या आहेत. इतक्या वर्षांत दुखणें म्हणून नाहीं. पाटावर बसावयाचें नाहीं, हें एक पथ्य त्यांनीं निष्ठेनें पाळलें आणि देवपूजेपासून नातवांच्या मुंजींपर्यंत सर्व कार्यें खुर्चीवर बसून पार पाडलीं. असें असतां गेल्या चैत्रांत तपासणीसाठीं काढलेल्या क्ष-किरण चित्रांत वाटीच्या वर, हाडांत, एक काळसर पोकळी दिसली. आणि डॉक्टरांनीं दुसऱ्या शस्त्रक्रियेची गोष्ट काढली. घरांत अर्थातच दोन पक्ष पडले. “दुखत नाहीं त्याला हात कशाला लावायचा?” हा आत्याबाईंचा प्रश्न पुष्कळांस बिनतोड वाटला.

वस्तुतः घोटाळा येथेंच आहे. पहिला सांधा बदलण्याची वेळ बहुधा वेदनाच ठरविते. झोप उडाली, चालणें थांबलें, कीं मनुष्य आपण होऊन तयार होतो. दुसऱ्या वेळीं मात्र वेदना ही भरंवशाची साक्षीदार नव्हे. धातूचा गोळा पॉलिएथिलीनच्या वाटींत फिरतांना वाटी झिजते. जुन्या धर्तीच्या वाटीची झीज वर्षाला सुमारें ०.१ मिलिमीटर धरतात. ही झीज नजरेस न येणाऱ्या कणांच्या रूपानें सांध्याभोंवतीं सांचते. शरीरांतील भक्षक पेशी ते कण गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. आणि त्या खटपटींत शेजारचें हाडच झिजूं लागतें. हाड पुष्कळ गेलें तरी, सांधा घट्ट आहे तोंवर, रोग्यास कांहींच कळत नाहीं. तो सैल झाला म्हणजे मग खुर्चीवरून उठतांना पहिल्या दोनचार पावलांस जांघेंत किंवा मांडींत कळ येते, पाय आखूड झाल्यासारखा वाटतो. क्वचित् साध्या पडण्यानें पोखरलेलें हाडच मोडतें. अशा वेळीं नवा सांधा रोवावयास हाड पुरत नाहीं.

झिजेचा हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासूनचा आहे. इंग्लंडांतील राइटिंग्टन येथील सर्जन जॉन चार्न्ली यांनीं प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या थोड्याच वर्षांत झिजल्या, आणि बसविलेले सांधे त्यांना स्वतःच्या हातांनीं पुन्हां उघडावे लागले. दोष कणांचा आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं या गृहस्थांनीं टेफ्लॉनचा व पॉलिएथिलीनचा चुरा स्वतःच्या मांडींत घालून घेतला! पॉलिएथिलीनच्या वाट्या त्यांनीं १९६२ च्या नोव्हेंबरांत सुरू केल्या. २०१९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलेल्या हिशेबाप्रमाणें शेंकडा ५८ सांधे २५ वर्षें टिकतात. अलीकडील वाट्या त्याहून पुष्कळ कमी झिजतात. आत्याबाईंची जुनी होती.

मग पोकळी दिसली कीं लागलीच चाकू? तसेंही नाहीं. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून लांबते, आणि जंतुसंसर्गाची व सांधा निखळण्याची धास्ती तींत अधिक. म्हणून एका चित्रावर निकाल देऊं नये. जुनें चित्र शेजारीं ठेवून पोकळी वाढते आहे कीं नाहीं, तें पाहावें. स्थिर असल्यास ठराविक मुदतीनें चित्र काढीत थांबतां येतें. उलट, चित्र निर्दोष असूनही दुखत असेल तर आधीं रक्त तपासून, जरूर तर सांध्यांतील पाणी काढून, जंतूंचा शोध घ्यावा. कंबरेच्या मणक्यांतून येणारी कळही खुब्याच्या माथीं मारली जाते. कारण न कळतां केलेली शस्त्रक्रिया वेदना घालवील, याची खात्री नाहीं.

आत्याबाईंनींच डॉक्टरांस विचारलें, “हा डाग तीन वर्षांमागें केवढा होता?” जुनें चित्र कपाटांतून निघालें. पोकळी तेव्हां वालाएवढी होती. आतां सुपारीहून मोठी. त्या क्षणीं वाद मिटला.

सुदैवानें धातूचें कवच व मांडींतील दांडा दोन्ही घट्ट होते. अशा स्थितींत आंतील अस्तर व गोळा एवढेच बदलून पोकळींत हाडाचा चुरा भरतां येतो. आणखी कांहीं वर्षें दवडलीं असतीं तर ही सवलत राहिली नसती. मात्र कवचांत चपखल बसेल असेंच अस्तर लागतें, आणि त्यासाठीं मूळ सांधा कोणत्या बनावटीचा व मापाचा, हें ठाऊक असावें लागतें. आमच्या कैलासवासी काकांनीं शस्त्रक्रियेच्या कागदांवरील त्या चिकटपट्ट्या घराच्या खरेदीखताबरोबर जपून ठेविल्या होत्या. ज्यांच्या घरीं असा सांधा कोणास बसविला असेल, त्यांनीं हे कागद आजच शोधावे.

शस्त्रक्रिया मार्गशीर्षांत ठरली आहे. तोंवर पडूं नये म्हणून न्हाणीघरांत कठडा बसविला, ओटीवरची सतरंजी उचलली. दिवाळीचा फराळ यंदा सुनांनीं करावा कीं नेहमींप्रमाणें आत्याबाईंनीं, याचा निकाल मात्र अद्याप लागावयाचा आहे.