आकाशातील जागेचे वाटप

जमिनीच्या वाटपाचा इतिहास आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. आकाशातील जागेचेही वाटप होते आणि तेथेही आधी आलेला व मागून आलेला असा भेद पडतो, हे मात्र फारसे शिकविले जात नाही.

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर भूस्थिर कक्षा आहे. तेथील उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेळात एक फेरी पूर्ण करतो, म्हणून जमिनीवरून तो एकाच जागी स्थिर दिसतो. दूरचित्रवाणी, दूरध्वनी व हवामान-निरीक्षण यांसाठी ही कक्षा अमोल आहे. भारताने १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचविले, तेव्हा उपग्रह अमेरिकेचा होता. वर्ष सरले आणि तो परत नेण्यात आला.

अशी ही कक्षा एकच आहे. एकमेकांच्या फार जवळ असलेल्या उपग्रहांनी त्याच रेडिओ लहरी वापरल्या, तर संदेशांत व्यत्यय येतो. म्हणून जागा मोजक्याच.

१९६७ च्या अंतराळ करारानुसार अंतराळाचा वापर, आर्थिक वा वैज्ञानिक प्रगती कितीही असो, सर्व देशांच्या हितासाठी व्हावा; कोणत्याही राष्ट्राने त्यावर मालकी सांगू नये. तत्त्व उदात्त खरे. पण जागांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात प्रत्यक्ष नियम चालला तो ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ हाच. ज्याच्याजवळ अग्निबाण, तोच प्रथम येणार!

या असमतेविरुद्ध ३ डिसेंबर १९७६ रोजी कोलंबिया, ब्राझील, इक्वेडोर, काँगो, झैरे, युगांडा, केनिया व इंडोनेशिया हे विषुववृत्तीय देश बोगोटा येथे एकत्र आले. आपल्या माथ्यावरील कक्षेचा भाग आपला आहे, असे त्यांनी जाहीर केले. हा दावा कराराशी विसंगत होता व जगाने तो मानला नाही. तथापि आमच्या मते तो व्यर्थ गेला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९८२ मध्ये संघाच्या करारात विकसनशील देशांच्या विशेष गरजांचा उल्लेख आला. आणि १९८५ व १९८८ च्या परिषदांतून काही लहरींपुरती का होईना, प्रत्येक देशासाठी कक्षेतील किमान एक जागा राखून ठेवण्याची योजना झाली.

राखीव जागा मिळाली, तरी उपग्रह उभारण्यास पैसा लागतोच. आणि नियमाचा लाभ नेहमी गरजूलाच होतो, असेही नाही. टोंगा या चिमुकल्या बेटराष्ट्राने सर्वसाधारण नोंदणीतून तब्बल सोळा जागा मागितल्या. आक्षेपांनंतर त्याला मोजक्याच मिळाल्या, आणि त्या भाड्याने देणाऱ्या कंपनीत राजकन्येचा मोठा हिस्सा होता.

आता गर्दी खालच्या कक्षांत, हजारो उपग्रहांच्या ताफ्यांची आहे. संघाने २०१९ मध्ये अशा ताफ्यांना मुदती घालून दिल्या: मूळ सात वर्षांची मुदत संपल्यावर दोन वर्षांत नोंदविलेल्यांपैकी दहा टक्के, पाच वर्षांत निम्मे व सात वर्षांत सर्व उपग्रह कक्षेत हवेत, अन्यथा नोंद घटते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीने अंतराळ दीर्घकाळ वापरण्याजोगे राहावे म्हणून एकवीस मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली. ती पाळणे ऐच्छिक आहे.