सौरपंप घेण्याआधी विहीर मोजा



रात्रीच्या विजेवर दारे धरायची म्हणजे विंचू-काट्याची भीती आलीच. म्हणून दिवसा चालणारा सौरपंप सगळ्यांनाच हवासा वाटतो. महाराष्ट्रात २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. तीत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप ठरवला आहे. पण मोठा मिळतोय म्हणून मोठाच घेऊ नका. पात्रतेपेक्षा लहान पंपही मागता येतो. किती अश्वशक्ती हवी, हे विहिरीला विचारून ठरवा.

सौरपंपाची धार दिवसभर सारखी नसते. सकाळी बारीक, अकरा ते तीन जोरात, ढग आला की पुन्हा बारीक. म्हणून तासाचा नव्हे, दिवसाचा हिशेब धरावा. त्यासाठी तीन मापे घ्या.

१) पाणी किती उंच चढवायचे? भर उन्हाळ्यात दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा व पाण्यापासून काठापर्यंतची उंची मोजा. काठापासून पाणी पडण्याच्या जागेपर्यंतचा चढ त्यात मिळवा. पाइप लांब असेल तर आणखी थोडी भर घाला. ३ अश्वशक्तीचा, ३,००० वॉट पॅनेलचा पंप कडक उन्हाच्या दिवशी ३० मीटरवर सुमारे १ लाख लिटर पाणी देतो. तोच पंप ५० मीटरवर ६० हजारांच्या आसपास देतो.

२) विहिरीची आवक किती? विहीर उपसून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि २४ तासांनी पाणी किती चढले ते पाहा. ५ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. ३ मीटर चढले तर आवक ५९ हजार लिटरच्या जवळपास झाली. अशा विहिरीवर ३० मीटरला ३ अश्वशक्तीचा पंपच पुरून उरतो. तिथे ५ अश्वशक्ती बसवली म्हणून पाणी वाढत नाही, फक्त विहीर लवकर तळ दाखवते.

३) पिकाला किती लागते? १ एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. पिकाला रोज ५ मिलिमीटर लागत असेल तर एकरी २० हजार लिटर झाले. म्हणजे वरच्या विहिरीवर ठिबकने अडीच एकरांच्या आसपास भिजेल. पाटाने दिले तर त्याहून कमी.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची सावली पडणार नाही अशा जागी बसवा. एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते. धूळ सकाळी, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

एक गोष्ट विसरू नका. सूर्य बिल पाठवत नाही, म्हणून पंप बंद करायला हात जात नाही. ऊन फुकट आहे, पण भूगर्भातले पाणी मोजकेच आहे, आणि शेजाऱ्याच्या विहिरीलाही तेच झरे आहेत. पीक भिजले की पंप बंद करा.

अर्ज भरण्याआधी ही तीन मापे कागदावर लिहा आणि तालुका कृषी कार्यालयात दाखवून मगच पंप ठरवा.